नारळ घेऊन येतात ते वाचलेलेच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भातलावणी सुरू झाली की सर्पदंश वाढतात, आणि त्यांच्यासोबत ‘आमच्या वाडीत विष उतरवणारा आहे, त्याच्या हातून आजवर एकही गेला नाही’ हे वाक्यही. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याने पाहिलेलं खरं असतं, हिशेब तेवढा चुकतो.

आपल्याकडे चावणारे बरेच साप धामण, दिवड, तस्कर, कवड्या असे बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार जीवघेणे. पण तेही दर वेळी विष सोडतातच असं नाही, कधी नुसते दात लावून जातात. समजा, उतरवणाऱ्याकडे १०० माणसं गेली. ७० जणांना बिनविषारी साप चावला, उरलेल्या ३० पैकी १० जणांच्या अंगात विष गेलंच नाही. ही ८० माणसं मंत्राने, पाल्याने किंवा नुसती ओटीवर बसूनही बरी होणार. बाकीच्या २० पैकी काहींना कुणीतरी शहाणा वेळेवर दवाखान्यात नेतो. दगावतात त्यांच्या नावापुढे ‘उशिरा आणला’ किंवा ‘पथ्य मोडलं’ असं लागतं. पुढच्या नागपंचमीला नारळ घेऊन येतात ते वाचलेलेच.

मण्यारीच्या बाबतीत तर ‘काही दिसत नाही’ यावर विसंबणं सगळ्यांत घातक. रात्री जमिनीवर झोपलेल्याला ती चावते. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे ओवा देतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. कवड्याही तसाच काळपट, पट्टेरी. त्याचे पट्टे मानेपासून ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे उलट. पण हा फरक बॅटरीच्या उजेडात बघत बसू नये आणि साप मारून आणूही नये. उपचार लक्षणांवरून होतात.

कडुलिंबाचा पाला कडू लागला म्हणजे विष नाही, ही गावोगावची परीक्षा. घोणशीच्या विषाला जिभेच्या चवीशी काही देणंघेणं नाही. खरी परीक्षा जवळपास तेवढीच सोपी आहे. शिरेतलं २ मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग ट्यूब एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाने त्याची गोठण्याची ताकद संपवली आहे. ट्यूब प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही, आणि परीक्षा फसते. पहिल्या वेळी गोठलं तरी ती पुन्हा करावी लागते, कारण विषाचा परिणाम उशिराही दिसतो. ‘काही झालेलं नाही, घरी सोडा’ म्हणणाऱ्याला २४ तास ठेवून घेतात ते यासाठी.

आता डॉक्टर मंडळींबद्दल. प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, देताना एखाद्या रुग्णाचा रक्तदाब कोसळलेला पाहिला की डॉक्टर पुढे बिचकतो. दोनच व्हायल (कुप्या) देतो किंवा न देताच जिल्ह्याला पाठवतो. हाही अनुभवच! पण रिअ‍ॅक्शन दोन व्हायलनेही येऊ शकते, आणि अंगात भिनलेलं विष दोनने आटोक्यात येत नाही. सुरुवात ८ ते १० व्हायलने, सलाइनमधून तासाभरात. लहान मुलालाही तेवढीच, कारण सापाने मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. शेजारी रिअ‍ॅक्शन आवरणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनची सिरिंज भरून ठेवायची. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत.

अनुभव टाकाऊ आहे असं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण बारकाईने पाहिले, त्यातूनच प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार पुढे आला. पुढे त्याच औषधाला त्यांनी कसोटीवर उभं केलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३५ जणांना नुसतं प्राझोसिन दिलं, ३५ जणांना प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष. १० तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. उतरवणाऱ्यांच्या वहीत असा दुसरा गट कधी नसतो.

दंशानंतर करायचं ते थोडंच. अंगठी, जोडवी, पैंजण काढा, सूज आली की ती रुततात. हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, चालवू नका, १०८ ला फोन करा. दोरी आवळू नका. खालचा भाग काळा पडतो. ब्लेडने चीर तर मुळीच नको, घोणस चावली असेल तर ते रक्त थांबायचं नाही.

आपल्याला एक विनंती. ‘मांत्रिकाने वाचवले’ अशी बातमी वार्ताहराकडून आली, तर साप कोणता होता आणि रक्त तपासलं होतं का, हे दोन प्रश्न त्याला विचारून मगच छापावी.

आपला,
एक ग्रामीण वैद्यकीय अधिकारी, रायगड जिल्हा