एन्काउंटर (तयार लढतीच्या) संचातील नकाशा व मूर्तींची मापे जुळत नसल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष मिनिएचर संच बदलून मिळणे अथवा पूर्ण रक्कम परत मिळणेबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी डंजन्स अँड ड्रॅगन्स या काल्पनिक साहसांच्या खेळासाठी खिंडीत दबा धरून बसलेल्या गॉब्लिन (बुटके दैत्य) टोळीचा तयार मिनिएचर (छोट्या मूर्तींचा) संच 3,800 रुपयांना मागवला. आठ गॉब्लिन, दोन लांडगे, एक ओगर (धिप्पाड राक्षस) आणि घडीचा नकाशा असा सर्व ऐवज खोक्यात आहे आणि रंगकामही सुबक आहे. माझी तक्रार मापांची आहे.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पटावरील एक घर एक इंचाचे, म्हणजे 25.4 मिलिमीटरचे असते आणि खेळात ते पाच फूट धरले जाते. गॉब्लिन एका घरात मावतो, तर ओगरसारखा मोठा प्राणी दोन बाय दोन अशी चार घरे व्यापतो, म्हणून त्याच्या मूर्तीची बैठक (पायाखालची चकती) साधारण 50 मिलिमीटरची लागते. आपल्या खोक्यावर ‘एक इंची घरांचा नकाशा’ असे ठळक छापले आहे. प्रत्यक्षात पोलादी पट्टी लावली असता सलग दहा घरे 220 मिलिमीटरमध्येच संपतात. मूळ नकाशा कागदात बसवण्यासाठी छपाईच्या वेळी लहान केला गेला असावा, असा माझा तर्क आहे. परिणामी, 25 मिलिमीटर बैठकीचे चार गॉब्लिन ओळीने उभे केले की शेवटचा पाचव्या घरात घुसतो, आणि अरुंद खिंडीत, जिथे कोण कोणाला लागून उभा आहे यावरच सारी झुंज ठरते, तिथे दर फेरीला मूर्ती नेमकी कोणत्या घरात आहे यावरून वाद होतो.

ओगरची तऱ्हा तर त्याहून वेगळी. त्याला गॉब्लिनचीच बैठक चिकटवली असल्याने त्याचे दोन्ही पंजे कडेबाहेर लोंबतात आणि टेबलाला जरा धक्का लागला की तो तोंडघशी पडतो. चार घरे व्यापणाऱ्या प्राण्याला भोवतीच्या बारा घरांतून गाठता येते, एका घरात उभ्या असलेल्याला आठच घरांतून. त्यामुळे संचासोबतच्या पत्रकात आखून दिलेली लढत या मूर्तीने खेळताच येत नाही.

आपल्या ग्राहक सेवेने पहिल्या उत्तरात वाकलेले भाले गरम पाण्यात बुडवून सरळ करण्याचा सल्ला दिला. पीव्हीसीच्या मूर्तींसाठी तो योग्यच आहे, परंतु मी भाल्यांविषयी अवाक्षरही लिहिले नव्हते. दुसऱ्या उत्तरात, लातूरच्या पिनकोडवरून माल परत उचलण्याची सोय नसल्याने तो स्वखर्चाने पाठवावा, असे कळवून आपण हात झटकले. माल लातुरात घरपोच येतो, पैसे लातुरातून आपल्याकडे बिनबोभाट पोहोचतात. मग सदोष माल परत घेतानाच लातूर आडवाटेला कसे जाते? आम्हां मराठवाड्यातील खेळाडूंना असे संच दुकानात हाताळून घेण्याची सोय जवळपास नाहीच, त्यामुळे आपण छापलेल्या मापांवर विसंबूनच आम्ही पैसे मोजतो.

तरी एक इंची घरांचा नकाशा व योग्य बैठकीचा ओगर आपल्या खर्चाने पाठवावा, अथवा संपूर्ण संच माझ्या घरून उचलून पूर्ण रक्कम परत करावी. तसेच, नकाशाची नवी छपाई होईपर्यंत उत्पादनाच्या पानावरील मापाचा उल्लेख दुरुस्त करावा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये मी राहत्या जिल्ह्यातच, म्हणजे लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. त्यासाठी मला आपल्या शहरात यावे लागणार नाही.

सोबत बिलाची प्रत, खोक्यावरील मजकुराचे छायाचित्र आणि पट्टी ठेवून काढलेली नकाशाची व ओगरच्या बैठकीची छायाचित्रे जोडली आहेत.

आपला,
एक ग्राहक, लातूर