गजकर्णावर नाक्यावरची ट्यूब नको

संपादक महोदय,

पावसाळ्यात मुंबईत जांघेत, काखेत, नाडीच्या जागी गजकर्ण उठते आणि माणूस सरळ नाक्यावरच्या केमिस्टकडे जातो. हातात पडणाऱ्या ट्यूबमध्ये अनेकदा बुरशीनाशकासोबत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे स्टिरॉईड असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते. बुरशी मात्र पसरत राहते. एरवी यात दुखणे चिघळते. पण मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या, केमोथेरपी चालू असलेल्या किंवा एचआयव्हीबाधित रुग्णात ती केसांच्या मुळांवाटे खोल शिरून गाठी धरू शकते. तिथवर मलम पोचत नाही.

अशा रुग्णांनी आधी चट्ट्यावरच्या कातडीची खरवड तपासून घ्यावी. नमुना चट्ट्याच्या उंच, लाल कडेवरून घ्यायचा. मधल्या निवळलेल्या कातडीत बुरशी क्वचितच सापडते. काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे १० टक्के द्रावण टाकले की कातडीचे पापुद्रे विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेले तंतू दिसतात. आदल्या रात्रीपर्यंत मलम चोळलेले असेल, तर ‘निगेटिव्ह’ अहवालावर विसंबू नये. गाठ असल्यास बायोप्सी (तुकडा काढून तपासणे) आणि कल्चर (त्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) हेच करावे लागते.

गोळ्यांचा घोळ याहून मोठा. इट्राकोनॅझोल हे पोटात घ्यायचे बुरशीनाशक सर्रास लिहिले जाते. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसबरोबर ते घेतले की टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते, हात थरथरतात आणि ज्या मूत्रपिंडासाठी सारा खटाटोप, त्यालाच इजा होते. उलट क्षयाच्या रिफॅम्पिसिनबरोबर इट्राकोनॅझोलच निष्प्रभ होते. त्याची कॅप्सूल शोषली जायला पोटात आम्ल लागते, म्हणून ती भरपेट जेवणानंतर लगेच घ्यायची. सकाळी आम्लपित्तासाठी पँटोप्राझोल घेणाऱ्याला ती नीट लागू पडत नाही. हृदय कमकुवत असेल तर ती गजकर्णासाठी घेऊच नये. चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या डॉक्टरांपुढे ठेवाव्यात, नावे तोंडपाठ आहेत म्हणून भागत नाही.

केमोनंतर पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आणि मध्ये काळी पडलेली दुखरी गाठ दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एचआयव्हीत चेहऱ्यावर मध्ये खळगा असलेल्या पुटकुळ्या आल्या, तर क्रिप्टोकॉकसची रक्ततपासणी करावी. ही बुरशी मेंदूत जाते.

या स्टिरॉईड ट्यूबा शेड्यूल एचमधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्याच नाहीत. तरी गल्ल्यावर त्या मागताच मिळतात. अन्न व औषध प्रशासनाने पावसाळ्यापुरती तरी दुकानांची बिले आणि चिठ्ठ्या ताडून पाहाव्यात.

— एक त्वचारोगतज्ज्ञ, परळ, मुंबई