पॉली पॅव्हेलियनमधल्या वहीवाल्या आजींना

आजी,

तुम्हाला आजी म्हटलेलं आवडेल की नाही माहीत नाही, पण आमच्याकडे नाव ठाऊक नसलं की असंच काहीतरी नातं लावून मोकळे होतात. नाव विचारायचं राहूनच गेलं. आठवलं तेव्हा आम्ही पार्किंगमध्ये गाडी शोधत होतो आणि परत वर जायला लेकीच्या बाबांनी साफ नकार दिला. तुम्हाला मराठी येत नाही हे कळतंय मला, पण इंग्रजीत लिहायला बसले की माझं थँक्यू सो मच दोन ओळीत संपतं आणि पुढे काही सुचत नाही. म्हणून मराठीत लिहितेय, लेक तुम्हाला समजावून सांगेल. लॉस एंजेलिसकडच्या मराठी मंडळींपैकी कोणी यूसीएलएच्या, म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या, मुलींच्या जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धा बघायला पॉली पॅव्हेलियन स्टेडियममध्ये जात असेल आणि तिथे निळा स्वेटर, पिवळा मफलर, मांडीवर जाडजूड स्पायरलची वही अशा सत्तरीपुढच्या बाई दिसल्या तर प्लीज मला कळवा.

आधी त्या दिवशी आम्ही तिथे कसे ते सांगते, कारण तुम्हाला हे माहीतच नाही, तुम्ही विचारलंही नाहीत.

लेक माझी अकरा वर्षांची. सहाव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स करत होती. ज्या क्लबमध्ये होती त्याचं नाव घेत नाही, घेण्याच्या लायकीचा नाही तो. दहाव्या वर्षी हिची उंची वाढायला लागली तशा कोचबाईंच्या कपाळाला आठ्या. बाकीच्या मुलींसमोर विचारायच्या, हल्ली जेवण जरा जास्त होतंय का, तेही हसत हसत, आणि आम्ही पण हसलो हो, तेच तर डोक्यात बसलंय माझ्या. मग एका स्पर्धेत ही बीमवरून, म्हणजे त्या उंचावरच्या अरुंद पट्टीवरून, पडली. परत चढली, परत पडली, तरी पूर्ण केलं, हात वर करून जजला दाखवलं आणि कोचकडे चालत गेली तर बाईंनी पाठ फिरवली. खरंच फिरवली, मी वरून बघत होते. पोरगी त्या पाठीकडे बघत उभी. आठवड्याने ईमेल आला, पुढच्या वर्षी टीममध्ये जागा नाही, शुभेच्छा. फी मात्र पुढच्या महिन्याचीही कापली.

त्यानंतर सात महिने तिने साधी कोलांटी मारली नाही. हॉलमधला छोटा बीम गॅरेजमध्ये गेला, त्यावर तांदळाची पोती. आणि आपली माणसं! बरं झालं म्हणाली, आता अभ्यासाकडे लक्ष देईल, तसंही जिम्नॅस्टिक्समध्ये आपल्या लोकांचं काय काम. दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू, मी स्वतः एकदा चिडून म्हणाले की तुझ्यात चिकाटीच नाही. मी हे म्हणावं? मी लहानपणी साताऱ्यात दोरीचा मल्लखांब करायचे. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटात दोरी धरून वर चढायचं, वर जाऊन पद्मासन घालून बसायचं, खालची माणसं एवढीएवढीशी दिसायची. तेराव्या वर्षी घरून बंद झालं, मोठी झालीस आता, बास. मला कोणी विचारलं नव्हतं तेव्हा, आणि मीच तिला चिकाटी शिकवायला निघाले.

तर ती तिकिटं ऑफिसमधून कोणीतरी दिलेली. लेक यायला तयार नव्हती, पिझ्झाच्या बोलीवर आली, आणि पहिला व्हॉल्ट, म्हणजे धावत येऊन मारायची उडी, संपेपर्यंत फोनमधून मान वर काढली नाही. तुम्ही तिच्या डाव्या बाजूला होतात. तुमचं आमच्याकडे लक्ष नव्हतं, तुम्ही आपल्या वहीत आडव्या रेघा मारून नाव, कंस, आकडा असं काहीतरी लिहीत होतात, आणि पेन्सिल वहीच्या स्पायरलला लोकरीच्या धाग्याने बांधलेली. आमच्या किराणा दुकानदाराची असायची तश्शी. लेकीने तिरक्या डोळ्यांनी बघितलं. तुम्ही काही न बोलता वही जराशी तिच्या बाजूला सरकवलीत. बस, एवढंच, दोन इंच.

मग ती पानं उलटत बसली. मलाही दिसत होतं. पहिल्या पानावर लाल गोलात नावं, यूसीएलएच्या ज्या ज्या मुलींनी एकटीच्या जिवावर नॅशनल टायटल मारलंय त्यांची. सगळ्यात वर शॅरन शपिरो, १९८०. ऑलअराउंड म्हणजे सगळे प्रकार मिळून, शिवाय वेगवेगळे व्हॉल्ट, बार्स म्हणजे दांड्यांवरचं, बीम, आणि फ्लोअर म्हणजे खाली गादीवर संगीतावरचं, पाचच्या पाच तिने एकाच वर्षी जिंकले. तेव्हा एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या खेळांची संघटना, बायकांचं जिम्नॅस्टिक्स घेतच नव्हती म्हणे, ते १९८२ पासून, त्याआधी बायकांची वेगळी संघटना होती. मग किम हॅमिल्टन, फ्लोअर, १९८७, ८८, ८९, ओळीने तीन वर्षं, आणि गोल इतक्या जोरात काढलेत की कागद फाटायला आलाय. जेमी डांटशर, ताशा श्विकर्ट, सामंथा पेशेक, कायला रॉस, केटलिन ओहाशी. ओहाशीला लेक ओळखत होती, २०१९ चा तिचा फ्लोअरचा व्हिडिओ कोणी बघितला नाही असं घर नसेल. पण ती ओहाशी आधी लहानपणी एलिटमध्ये, म्हणजे ऑलिंपिकच्या वाटेवरच्या मुलींत, होती, पाठ दुखावली, वजनावरून टोमणे खाल्ले, तो सगळा प्रकार सोडून कॉलेजात आली आणि मग हसायला लागली, हे तुम्ही सांगितलंत. तुम्ही तिलाच सांगत होतात, मला नाही. वजनाचं आलं तेव्हा लेकीने माझ्याकडे बघितलं नाही, पण पान पण उलटलं नाही.

आणि मग मोहिनी. मोहिनी भारद्वाज, बार्स २०००, फ्लोअर २००१. लेक एकदम म्हणाली, हे तर इंडियन नाव. तुम्ही म्हणालात, हो, तिचे वडील भारतातले, पण इतकी वर्षं मी नाव बरोबर घेतेय का ते मला माहीत नाही, तू सांग. आणि माझी लेक, जी सात महिने टेबलावर सुद्धा हूं आणि नाही यापलीकडे बोलत नव्हती, ती तुम्हाला मो, हि, नी असं तोडून तोडून शिकवायला लागली. तुम्ही चारदा म्हटलंत. चौथ्यांदा बरोबर आलं. त्या क्लबमध्ये पाच वर्षांत हिचं स्वतःचं नाव कोणी धड घेतलं नव्हतं आणि आम्ही पण चालवून घेतलं होतं, सोपं करून दिलं होतं त्यांना.

त्या मोहिनीची गोष्ट तर आपल्याकडे शाळेत सांगायला हवी. कॉलेज संपलं, ऑलिंपिकसाठी परत ट्रेनिंग सुरू केलं तर पैसे नाहीत. पिझ्झा पोचवायची, सोडतीची तिकिटं विकायची. ते हॉलिवूडच्या नटीला, पामेला अँडरसनला कळलं आणि तिने वीस हजार डॉलर दिले. पामेला अँडरसन! आपल्याकडे त्या बाईचं नाव कशासाठी घेतात ते जाऊ दे, पण वेळेला उभी कोण राहिली बघा. २००४ ला अथेन्समध्ये मोहिनी अमेरिकेच्या टीमची कॅप्टन, पंचवीस वर्षांची, आणि टीमला सिल्व्हर.

आता बीमचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसलेय.

तिसऱ्या फेरीला यूसीएलएच्याच टीमची एक मुलगी बीमवरून पडली. नाव मुद्दाम लिहीत नाही. सगळ्या स्टेडियमने एकदम श्वास ओढला आणि माझ्या लेकीचा हात गार पडला, मी धरलेला होता म्हणून कळलं. नखं रुतली माझ्या तळव्यात. ती मुलगी परत चढली, पूर्ण केलं, उतरली, आणि मी घाबरून कोचकडेच बघत होते, की आता ही पण पाठ फिरवते का. तर तिथे आख्खी टीम धावत येऊन तिला बिलगली, कोण डोकं थोपटतंय, कोण कानात काही सांगतंय. लेक बघत होती, आणि डोळ्यातलं पाणी खाली पडू नये म्हणून मान वर धरून बसली होती.

तुम्ही तिला काय झालं विचारलं नाहीत. रुमाल दिला नाहीत. इट्स ओके स्वीटी वगैरे पण नाही, ते जर म्हणाला असतात तर ती उठून गेली असती, मी ओळखते तिला. तुम्ही पेन्सिल तिच्यासमोर धरलीत. धागा पुरेना. गाठ सोडायचा प्रयत्न केलात, सुटेना, मग सरळ दाताने धागा तोडलात, पेन्सिल तिच्या हातात दिलीत आणि म्हणालात, माझे डोळे दमलेत, आता तू लिही.

स्कोअर आला, ९.२ च्या आसपास. तिने लिहिला. तुम्ही म्हणालात, पडल्याचा अर्धा पॉइंट जातो, पण सहा जणी करतात आणि पाचच धरतात, त्यामुळे बाकीच्या पाच नीट झाल्या तर हा धरायचाच नाही, त्यावर एक बारीक रेघ मार. लेकीने विचारलं, खोडू का? तर तुम्ही म्हणालात, छे, खोडायचं कशाला, ती आली होती ना आज. नुसती रेघ. आणि मागची पानं उघडून दाखवलीत. मला वाटलं होतं तिथे नुसते लाल गोल असतील, तर जागोजागी त्या बारीक रेघा, आणि रेघेखाली नाव पूर्ण वाचता येतंय. त्यात लाल गोलवाल्यांची पण नावं होती. लेकीने बोट ठेवून ठेवून मोजली.

एका पानावर १० असा आकडा वेडावाकडा होता. पेंग पेंग ली, सेंट लुईस, २०१८. कॅनडाची ही मुलगी लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर गुडघा फाटला म्हणून घरी बसली, यूसीएलएला येऊन परत फाटला, सहा वर्षं लागली तिला कॉलेज संपवायला. त्या वर्षीच्या एनसीएए फायनलचा शेवटचा बीम तिचा. टीमला जिंकायला ९.९७५ हवे होते, तिने दहापैकी दहा काढले, ओक्लाहोमाच्या टीमला ०.०३७५ ने मागे टाकलं. तुमचा हात इतका थरथरत होता की शून्य चौकोनी आलंय. लेक म्हणाली ऑलिंपिकमध्ये दहा मिळत नाहीत आता. तुम्ही म्हणालात, माहितेय, म्हणून तर मी इथे येते.

शेवटी फ्लोअरला जॉर्डन चाइल्स आली. ही २०२३ ची बार्स आणि फ्लोअरची चॅम्पियन, पॅरिस ऑलिंपिकला गळ्यात पडलेलं ब्राँझ क्रीडा लवादाच्या निकालाने परत मागितलं गेलं ती. तीही पूर्वी एका कोचपायी जिम्नॅस्टिक्स सोडायच्या बेतात होती, सिमोन बाइल्सने आपल्या जिममध्ये ये म्हणून बोलावलं म्हणून टिकली. म्हणजे बघा, ऑलिंपिकवालीला सुद्धा कोणीतरी ये म्हणावं लागतं. ती नाचायला लागली तसं सगळं स्टेडियम उभं, तुम्ही पण गुडघा धरत उभ्या, आणि लेक खाली बसून वहीकडे बघत होती, म्हटलं हिला झालं तरी काय, तर ही पुढच्या ओळीत आधीच चाइल्सचं नाव लिहून पेन्सिल टेकवून तयार.

गाडीत ती काही बोलली नाही. घरी आल्यावर गॅरेजमध्ये गेली, तांदळाची पोती खाली ठेवल्याचा आवाज आला. मी गेले नाही बघायला. लेकीचे बाबा निघाले होते, त्यांना हाताला धरून बसवलं.

आता ती शनिवारी एका साध्या क्लासला जाते, जिथे मेडल वगैरे काही नसतं. पुढे काय होईल मला माहीत नाही आणि मी विचारतही नाही. एप्रिलमध्ये, २०२५ ची फायनल, फोर्ट वर्थला चाइल्स ९.९७५ ने बार्सची परत चॅम्पियन झाली आणि यूसीएलए टीम दुसरी आली, ते सगळं तिने टीव्हीसमोर बसून नवीन वहीत लिहिलंय, लाल गोलासकट. मलाही हल्ली मध्येच वाटतं कुठे दोरी टांगायला जागा मिळाली तर बघावं, पण पंचेचाळिशीत हाडं मोडून घ्यायची हौस नाही, असो.

ज्यांना आम्ही पाच वर्षं फी दिली त्यांनी पाठ दाखवली, ज्यांच्याकडे गणपतीला जातो त्यांनी बरं झालं म्हटलं, आणि जिचं आमचं काही देणंघेणं नाही तिने दोन इंच वही सरकवली. अशी माणसं असतात, आपल्याकडे एसटीत पण असायची, अनोळखी पोराला खिडकी देणारी, उतरल्यावर परत कधी दिसायची नाहीत. मी कधी कोणाला खिडकी दिली का, आठवत बसले परवा. एकदा दिली बहुतेक.

आणि आजी, तुमची पेन्सिल आमच्याकडेच राहिली. निघताना गर्दीत ती लेकीच्या मुठीतच होती, घरी आल्यावर कळलं. मागचं टोक चावलेलं, अर्धा वीत धागा लटकतोय. तिने ती कंपासमध्ये ठेवलीये आणि कोणाला हात लावू देत नाही. जानेवारीत सीझन सुरू झाला की आम्ही त्याच बाजूला तिकिटं काढणार आहोत. लेकीने नवीन लोकर आणलीये, निळी. बांधायला धागा चांगला लांब ठेवलाय तिने, शेजारच्या खुर्चीपर्यंत पुरेल इतका.