तुझा नकाशा

विजयदुर्ग, मंगळवार

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

पेट्या कालच्या गाडीने पाठवल्यात. वरच्या थरातले आंबे आधी खा, खालचे अजून चार दिवस गवतातच राहू देत.

मुंबईची पोरं सुट्टीला आलीत. परवा रात्री लॅपटॉपवर तुझा तो ‘द गूनीज’ सिनेमा लावला. तू सातवीत सीडी झिजेपर्यंत पाहायचास, तेव्हा मी आतून नुसती आरडाओरड ऐकायचे. या वेळी कोकमं फोडत फोडत सगळा पाहिला. मला इतकी वर्षं वाटत होतं चाच्याची गोष्ट आहे. ती तर घराची आहे की रे! गोल्फच्या मैदानासाठी अख्खी वस्ती उठवायला निघालेत, आणि घर सुटायच्या तोंडावर पोरांना माळ्यावर 1632 सालचा नकाशा सापडतो. तोही स्पॅनिशमध्ये. शेवटी त्यातला डेटा नावाचा पोरगा ऑक्टोपस किती भयंकर होता ते सांगतो, पण ऑक्टोपस सिनेमात कुठेच नाही! धाकटी म्हणाली, तो प्रसंग कापला नि वाक्य तेवढं राहून गेलं.

तिनेच मग फोनवर वाचून दाखवलं. त्यात मायकी झालेला नट शॉन अ‍ॅस्टिन तो नकाशा आठवण म्हणून घरी घेऊन गेला होता. काही वर्षांनी त्याच्या आईला तो सापडला, चुरगळलेला रद्दी कागद वाटला, आणि तिने टाकून दिला. सगळी खो खो हसली. मी उठून परसात गेले.

बाबू, तुझा नकाशा वाळवीने खाल्ला नव्हता. मी जाळला.

त्या मे महिन्यात पत्र्याच्या ट्रंकेतून तुम्ही तो मोडीतला कागद काढलात. घरात मोडी कोणाला येत नव्हती, म्हणजे खजिनाच असणार! तीन दिवस फणसाच्या बुंध्याशी खणलंत. मधेच चाचा कोणी व्हायचं यावरून भांडणं. इंग्रज आंग्र्यांना चाचे म्हणायचे म्हणून तू हटून बसलास की चाचा तूच होणार. मुळं उघडी पडली तेव्हा बाबांनी फटके दिले. चौथ्या दिवशी वळवाचा पाऊस आला. न्हाणीच्या चुलीत ओल्या झावळ्या पेटेनात, पडवीत कागद पडला होता, मी घातला. दोन घटकांनी तू विचारत आलास. तुझं तोंड बघून मला खरं सांगवेना.

हे आत्ता का सांगते, तर वरच्या कातळावरचा शेजाऱ्यांचा गडगा दर पावसाळ्यानंतर थोडा थोडा आत सरकतोय. सातबाऱ्यावर आपली सतरा नावं, पण हद्द नेमकी कुठली हे सतरांतल्या एकालाही सांगता येत नाही. वकील म्हणाले, जुना चतुःसीमेचा कागद असेल तर आणा. वर हसून म्हणाले, खजिना मात्र आणू नका, दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर कलेक्टरला कळवावा लागतो, 1878 चा कायदा आहे. बाबा हसले. मला हसू आलं नाही.

काल ट्रंक पार तळापर्यंत उपसली. तांब्याची घागर, तुझ्या आजोबांचे चष्मे, आणि सगळ्यांत खाली तुझी चित्रकलेची वही. त्यात तू तो कागद काचेवर धरून उतरवलायस! अक्षर एकही न कळता काढलेली सगळी मोडी, पेन्सिलीने, जिभेचं टोक बाहेर काढूनच काढली असशील. आणि खाली उजव्या कोपऱ्यात तुझी स्वतःची कवटी आणि दोन हाडं.

बाबा वही घेऊन देवगडला एका निवृत्त मास्तरांकडे गेले. त्यांना मोडी येते. त्यांनी भिंग लावून तासभर पाहिलं. ही कवटी कुठल्या कारभाऱ्याची, असं आधी विचारलं म्हणे. पोराने रेघा जोडायच्या तिथे तोडल्यात आणि तोडायच्या तिथे जोडल्यात, त्यामुळे बरंचसं लागत नाही. वकील म्हणतात कोर्टात याचा काडीचा उपयोग नाही, पण मोजणीच्या वेळी कुठून सुरुवात करायची ते तरी कळेल. दोन शब्द नक्की आहेत, ‘फणस’ आणि ‘व्हाळ’. तिसऱ्यावर मास्तर बराच वेळ अडले होते. तो ‘उत्तरेस’ निघाला.

तुम्ही दक्षिणेला खणत होतात.

तुझी,
आई