बिघाड आवरला, पण नोंदीचे काय?

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

‘विमानात तांत्रिक बिघाड, सर्व प्रवासी सुखरूप’ अशा मथळ्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात आणि प्रवासी खाली उतरले की बातमीही तिथेच संपते. बिघाड उड्डाण-नियंत्रणातला असेल, तर मात्र महत्त्वाचे काम विमान उतरल्यानंतरच सुरू होते. इंडोनेशियातील लायन एअरच्या एकाच विमानाच्या लागोपाठच्या दोन उड्डाणांकडे त्यासाठी आपले लक्ष वेधू इच्छितो.

२८ ऑक्टोबर २०१८ रोजी बालीतील देनपसार विमानतळावर या बोइंग ७३७ मॅक्स विमानाचा डावीकडचा एक संवेदक बदलण्यात आला. समोरून येणाऱ्या हवेशी विमान किती कोन करून उडते आहे, हे तो मोजतो. नवा बसवलेला संवेदक सुमारे २१ अंशांनी चुकत होता. त्याच रात्री विमान जकार्ताकडे निघाले आणि धावपट्टी सोडताच कॅप्टनच्या हातातील कंट्रोल कॉलम, म्हणजे विमानाचे नाक वर-खाली करण्याचा दांडा, थरथरू लागला. वेग अपुरा पडून विमान कोसळण्याच्या बेतात असल्याचा तो इशारा असतो. कॅप्टनने दोन्ही बाजूंचे वेग राखीव यंत्राशी ताडून पाहिले, चूक आपल्याच बाजूला आहे हे ओळखले आणि विमान सहवैमानिकाच्या हाती दिले. उड्डाणासाठी पंखांमागे उघडलेले फ्लॅप मिटताच विमान वारंवार नाक खाली घालू लागले, तेव्हा कॅप्टनने शेपटीकडचा आडवा पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, फिरवणाऱ्या मोटरचे कटआउट स्विच बंद केले. ते पूर्ववत करताच पुन्हा तोच प्रकार सुरू झाला, म्हणून स्विच पुन्हा बंद करून, स्टॅबिलायझर हलवणारे ट्रिमचे चाक हाताने फिरवत, कॉलम थरथरत असतानाच त्यांनी विमान जकार्त्याला सुखरूप उतरवले. कॉकपिटमध्ये त्या वेळी एक तिसरा वैमानिकही बसलेला होता, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानातील बिघाडांच्या नोंदवहीत, काय लिहिले गेले ते पाहा. दोन्ही बाजूंचे वेग व उंची जुळत नाहीत आणि एलिव्हेटरच्या (शेपटीवरील, नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीच्या) यंत्रणेतील दाबाचा फरक दाखवणारा दिवा लागतो, एवढीच नोंद झाली. कॉलम सबंध प्रवासभर थरथरत होता आणि कटआउट स्विच बंद करावे लागले, हे त्यात नव्हते. लिहिले ते खोटे नव्हते, पण अपुरे होते. ट्रिम उलट दिशेने चालल्याचा उल्लेख कॅप्टनने एका वेगळ्या इलेक्ट्रॉनिक अहवालात केला होता. मात्र विमानासोबत राहतो आणि पुढच्या वैमानिकांच्या हाती पडतो तो टेक लॉगच. देखभाल कर्मचाऱ्यांनी जे लिहिले होते त्याचीच दुरुस्ती केली: हवेचा दाब मोजणाऱ्या नळ्या साफ केल्या, एक विद्युत जोड पुसून बसवला, जमिनीवर तपासणी केली आणि विमान उड्डाणास योग्य ठरवले. संवेदकाकडे कुणाचे लक्ष जाण्याचे कारणच उरले नाही. दोन्ही संवेदकांत तफावत असल्याचा इशारा पडद्यावर दिसायला हवा होता, पण सॉफ्टवेअरमधील त्रुटीमुळे तो या विमानात चालतच नव्हता. म्हणून तर वैमानिकाच्या हाताला काय जाणवले, याची नोंद अधिकच मोलाची होती.

२९ ऑक्टोबरला सकाळी ६ वाजून २० मिनिटांनी हेच विमान पुन्हा निघाले आणि काही मिनिटांतच जावा समुद्रात कोसळले. १८९ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टन भव्ये सुनेजा हे आपल्या दिल्लीचे. त्यांनी वीसहून अधिक वेळा विमानाचे नाक वर आणले, पण आदल्या रात्री कोणता उपाय लागू पडला होता हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. मूळ दोष एकाच संवेदकावर विसंबून आपोआप विमानाचे नाक खाली घालणाऱ्या ‘एमकॅस’ या प्रणालीचा, आणि ती विमानात आहे हेही वैमानिकांना न कळवणाऱ्या उत्पादकाचा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मार्च २०१९ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी स्विच बंद केले, तरी प्रचंड वेगामुळे चाक हाताने फिरेना आणि १५७ जण गेले. पण लायन एअरच्या बाबतीत, सदोष रचना असूनही एक आख्खी रात्र हाताशी होती, आणि ती एका तोकड्या नोंदीपायी वाया गेली, याचे मला फार वाईट वाटते.

मॅक्स विमानांवर भारतात २०१९ मध्ये आलेली बंदी ऑगस्ट २०२१ मध्ये उठली, एमकॅस आता दोन्ही संवेदक ताडून पाहते, आणि मुंबईहूनही ही विमाने रोज उडतात. प्रश्न एका विमानाचा नाही. नियंत्रणात बिघाड येऊन उतरलेले विमान, त्याचा कॅप्टन आणि देखभाल अभियंता समोरासमोर बोलल्याशिवाय पुढच्या फेरीवर पाठवू नये, असा दंडक नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने घालावा. आणि सविस्तर लिहिल्यामुळे विमान अडकून राहिले, तर त्याचा ठपका वैमानिकावर येणार नाही, याची हमी विमान कंपन्यांनी द्यावी. आपल्या वार्ताहरांनाही विनंती आहे, की अशा बातमीनंतर आठवडाभराने पुन्हा एकदा विचारणा करावी: वैमानिकाने काय लिहून दिले, तपासणीत काय सापडले आणि कोणता भाग बदलला. उत्तर मिळाले तर ते छापावे, आणि नाकारले गेले तर तसेही छापावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे