दोन प्रतिजैविकांची ‘सिनर्जी’ नेमकी किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंवर दोन प्रतिजैविके एकत्र दिली की ती ‘अनेक पटींनी प्रभावी’ ठरतात, म्हणजे त्यांच्यात ‘सिनर्जी’ (एकमेकांचा परिणाम वाढवणे) असते, अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. अशा चाचण्या वर्षानुवर्षे स्वतः लावलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या वाचताना पहिला प्रश्न पडतो तो हा, की हा प्रभाव कशाच्या तुलनेत मोजला आणि चाचणी पुन्हा लावल्यावरही तो तसाच दिसला का? याचे उत्तर बातमीत बहुधा नसते.

सर्वाधिक वापरली जाणारी ‘चेकरबोर्ड’ चाचणी दिसायला सोपी आहे. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एक औषध आडव्या आणि दुसरे उभ्या दिशेने दर टप्प्याला निम्मे करत नेतात, प्रत्येक खळग्यात ठरावीक संख्येने जिवाणू सोडतात आणि दुसऱ्या दिवशी वाढ कुठे थांबली ते पाहतात. वाढ रोखणारी सर्वांत कमी मात्रा म्हणजे एमआयसी. समजा, एका औषधाची एकट्याची एमआयसी १६ (मिलिलिटरला मायक्रोग्रॅम) आहे आणि जोडीत ती ४ झाली, तर दुसऱ्याची ८ वरून २ वर आली. जोडीतील एमआयसीला एकट्याच्या एमआयसीने भागले की दोन्ही अपूर्णांक पाव-पाव, त्यांची बेरीज म्हणजे निर्देशांक ०.५, आणि ०.५ किंवा त्याहून कमी म्हणजे सिनर्जी. आता यांपैकी एकच औषध एक टप्पा वर, म्हणजे ४ ऐवजी ८ वर थांबले, तर बेरीज ०.७५ होते आणि सिनर्जी नाहीशी होते. गंमत अशी, की एका टप्प्याचा फरक या पद्धतीत नेहमीचाच मानला जातो. म्हणून एकदाच लावलेल्या प्लेटवरून काढलेला निष्कर्ष मला तरी पटत नाही. ‘टाइम-किल’ चाचणीत जोडीने २४ तासांनी उरलेले जिवंत जिवाणू, दोहोंतील अधिक प्रभावी औषधाने एकट्याने उरवलेल्या जिवाणूंपेक्षा किमान १०० पटींनी कमी असावे लागतात. हा निकष अधिक कडक आहे, पण कामही तितकेच किचकट आहे.

शिवाय, एमआयसी २५६ वरून ६४ वर आली तरी निर्देशांकाच्या भाषेत ती चांगली घट ठरते. रुग्णाच्या रक्तात ६४ ही पातळी सुरक्षितपणे टिकवता येत नसेल, तर त्या घटीचा त्याला काडीचाही उपयोग नाही. कोलिस्टिन आणि मेरोपेनेम या प्रतिजैविकांच्या जोडीची सिनर्जी प्रयोगशाळेत अनेकदा दिसली होती, मात्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०६ रुग्णांच्या चाचणीत एकट्या कोलिस्टिनपेक्षा ही जोडी सरस ठरली नाही. उलट परिणामही माहीत आहेत. न्यूमोकोकस या जिवाणूमुळे होणाऱ्या मेंदूज्वरात पेनिसिलिनबरोबर क्लोरटेट्रासायक्लिन दिलेल्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळल्याचे १९५१ मध्येच नोंदले गेले, कारण पेनिसिलिन वाढत्या जिवाणूंना मारते आणि दुसरे औषध ती वाढच थांबवते.

याचा अर्थ जोड्या तपासूच नयेत असा मुळीच नाही. एंटेरोकोकस या जिवाणूच्या हृदयसंसर्गात पेनिसिलिन जिवाणूची पेशीभिंत कमकुवत करते आणि त्यामुळे जेंटामायसिन हे दुसरे प्रतिजैविक आत शिरते. म्हणूनच जिवाणू जेंटामायसिनच्या मोठ्या मात्रेलाही दाद देत नाही ना, हे आधी पाहिले जाते. एनडीएम हे प्रतिजैविके तोडणारे जिवाणूंचे विकर (एन्झाइम) ॲझ्ट्रिओनाम या प्रतिजैविकाला तोडू शकत नाही, पण सोबत असलेली इतर विकरे तोडतात आणि त्यांतील बहुतेकांना ॲव्हिबॅक्टम हे जोडीचे औषध रोखते. अशा ठिकाणी जोडीमागचे कारण आधी कळलेले असते आणि चाचणी ते या विशिष्ट रुग्णाच्या जिवाणूला लागू आहे की नाही एवढेच सांगते. हाताला लागतील ती दोन औषधे एकत्र करून पाहण्यापेक्षा हा मार्ग मला कितीतरी भरवशाचा वाटतो.

तेव्हा यापुढे अशी बातमी देताना किती वेगवेगळे जिवाणू तपासले, चाचणी किती वेळा लावली आणि जोडीतील एमआयसी किती आली, हे आपल्या प्रतिनिधींनी संशोधकांना अवश्य विचारावे, ही विनंती. एवढे तीन आकडे छापायला दोन ओळी पुरतात.

कळावे,
आपला नियमित वाचक
(सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेतील निवृत्त तंत्रज्ञ)