चार सूती पाना आणि वीस टक्के इथेनॉल

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची कोल्हापूरची. गेली एकतीस वर्षं इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात राहते आणि आपला अंक रोज सकाळी इंटरनेटवर वाचते. पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलबद्दल आपल्याकडे बरंच छापून आलं. त्यात एका वाचकाने लिहिलं होतं की ज्यांना जुनी वाहनं कुरवाळायची हौस आहे त्यांनी ती सरळ भंगारात घालावीत. ते वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्याकडे १९७० सालची एमजीबी आहे, दोन जणांची, कापडी टपाची. भारतात हल्ली एमजी नावाच्या गाड्या दिसतात. ते नाव आता एका चिनी कंपनीच्या मालकीचं आहे, पण मूळचं ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचं. त्यांचा कारखाना १९२९ मध्ये अ‍ॅबिंग्डनला आला आणि ऑक्टोबर १९८० मध्ये बंद झाला. १९६२ पासून तिथे एमजीबी बनत होती, पाच लाखांहून जास्त बनल्या. माझी गाडी जिथे जन्मली ती जागा घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. मी ही गाडी १९९६ मध्ये इस्पितळातल्या एका सहकाऱ्याकडून घेतली. मी तिथे प्रयोगशाळेत काम करत होते. तेव्हा गाडीत पावसाचं पाणी साचायचं आणि दाराखालचा पत्रा बोटाने दाबला तर आत जायचा.

माझ्या वडिलांचं उद्यमनगरात एका लेथवरचं छोटं वर्कशॉप होतं. शाळा सुटली की मी तिथेच असायची. ‘चार सूती दे’, ‘साडेचार सूती दे’ असं ते बोलायचे आणि मी पाना पुढे करायची. आठ सूत म्हणजे एक इंच. पुढे सगळीकडे मिलिमीटर आले, बारा-तेराचे पाने आले, आणि ते सूत मी विसरूनही गेले होते. एमजीबी घरी आणल्यावर पहिल्यांदा बॉनेट उघडलं, तर एकाही नटाला माझे मिलिमीटरचे पाने बसेनात. सगळे नट इंची मापाचे! अर्धा इंची म्हणजे वडिलांचा चार सूती, नऊ-सोळांश म्हणजे साडेचार सूती. त्या दिवशी गॅरेजमध्ये मी एकटीच होते आणि वडिलांच्या आवाजात पाने मागत होते.

या गाडीचं काम शिकायला मला पदवी लागली नाही, कान आणि बोटं लागली. टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांमधली मोकळी जागा, पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. फिलर गेज, म्हणजे मापाची पातळ पट्टी, आत सरकवताना ते किंचित ओढल्यासारखं लागलं पाहिजे, ही जाणीव मला लेथवरच मिळाली होती. पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात त्या किंगपिनला दोन्ही बाजूंना तीन-तीन ग्रीस निपल आहेत. दर तीन हजार मैलांनी मी गाडी जॅकवर घेते आणि चाकं अधांतरी ठेवूनच ग्रीस भरते. चाकं जमिनीवर असली की भार पडलेल्या बाजूला ग्रीस पोचत नाही. किल्ली फिरवली की मागून पेट्रोल पंपाची टिकटिक सुरू होते. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, त्याची फ्लोटची वाटी भरली की ती थांबते. इंजिन बंद, किल्ली चालू, आणि तरीही टिकटिक अधूनमधून होत राहिली, तर पेट्रोल कुठेतरी निघून जातंय हे ओळखायचं.

एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर जुळवणं हे मला सगळ्यात आवडतं काम. कानाला रबरी नळी लावून दोन्हींच्या तोंडाशी हवेचा फुसफुसाट ऐकायचा आणि तो सारखा करायचा. मग बाजूची बारीक पिन हलकेच वर दाबायची, तिने कार्ब्युरेटरमधला पिस्टन जरासा उचलला जातो. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे. इंजिन मरायला लागलं तर कमी आहे. क्षणभर वाढून पुन्हा जागेवर आलं की बरोबर. जेटचा, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक भोकाचा, षटकोनी नट एकेका पैलूने फिरवत हे करायचं असतं, घाईने होत नाही.

पत्र्याचं काम मात्र मी वेल्डरकडून करून घेतलं. या गाडीला वेगळी चेसिस नाही, दाराखालचे पत्रेच सगळा भार पेलतात. ते कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी टाचून घ्यावी लागते, नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि नंतर दार लागतच नाही. नवे पत्रे विटनीहून आणले, इथून तासाभराच्याही आत. तिथली कंपनी १९८८ पासून एमजीबीची अख्खी बॉडी मूळ साच्यांवर नव्याने दाबून बनवते. कारखाना बंद पडला तरी साचे कुणीतरी जपले, म्हणून माझी गाडी आज उभी आहे.

आता इंधनाकडे येते. माझ्या हयातीत या देशात इंधन दोनदा बदललं. १९९९ संपताना शिशाचं पेट्रोल सामान्य विक्रीतून गेलं. जुन्या इंजिनांत शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीवर थर धरायचं. ते गेल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मऊ बिडाच्या बैठकीत रुतत जातो, आणि त्याची खूण म्हणजे टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते. पण हे वर्षानुवर्षं आधी सांगितलेलं होतं आणि मधल्या काळासाठी पंपावर पर्यायी पेट्रोल मिळत होतं. तेवढ्या काळात मी हेड उतरवून त्यात कडक धातूच्या बैठका बसवून घेतल्या.

दुसरा बदल सप्टेंबर २०२१ चा. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल पाचावरून दहा टक्क्यांपर्यंत गेलं. त्याआधी सरकारने संकेतस्थळावर सोय केली होती, कुठल्या गाडीला हे चालेल ते तिथे बघता यायचं. माझ्या गाडीला चालणार नाही असं स्वच्छ कळलं. पंपावर प्रत्येक नोझलजवळ गोल चिकटपट्टी आहे, ई-फाइव्ह किंवा ई-टेन. महागडं सुपर पेट्रोल पाच टक्क्यांच्या आतच ठेवलं, जुन्या गाड्यांसाठी. मी लिटरमागे जास्त पैसे देते, तक्रार करत नाही. मला निवड आहे.

निवड असूनही एकदा जिवावर बेतलं होतं. २०२२ च्या उन्हाळ्यात फॅरिंग्डनच्या रस्त्याला दुकानापाशी थांबले. इंजिन बंद केलं, किल्ली तशीच होती, आणि मागून टिक... टिक ऐकू आलं. पाठोपाठ वास आला. बॉनेट उघडून बघते तर कार्ब्युरेटरला पेट्रोल नेणारी रबरी नळी घामेजलेली. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, मध्ये पत्र्याची एक ढाल. त्या तापलेल्या लोखंडापासून पेट्रोल वीतभर अंतरावर ठिबकत होतं. नळी जेमतेम दीड वर्षाची होती. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली होती आणि तिच्यावर आर-नाइन असा इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाचा शिक्का होता. घरी येऊन वाकवली तर उन्हाळ्यातल्या शेतासारखी भेगाळली. उभी चिरली तर आतला थर फुगून त्याचे तुकडे सुटत होते. शिक्का खोटा होता असंच मला वाटतं. आता मी नळी ओळखीच्या दुकानातूनच घेते, तिच्यावर तारीख लिहिलेली पट्टी गुंडाळते आणि तीन वर्षांनी न विचारता बदलते. डिकीत अग्निशामक असतो. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे वार्षिक तपासणीची सक्ती नाही, २०१८ पासून सूट आहे, तरी मी दरवर्षी तपासून घेते.

हे झालं पाच टक्क्यांच्या पेट्रोलवर. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. शिवाय इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्याला जळायला हवा कमी लागते. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटर तेवढंच सोडतो जेवढं सुई आणि जेटच्या मधून जाईल, म्हणून मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं, रेस देताना अडखळतं. मी नट एक-दोन पैलू फिरवून ते सुधारू शकते. शिरोळला माझ्या भावाकडे २००९ ची मोटारसायकल आहे, कार्ब्युरेटरचीच. दुधाचे कॅन घेऊन ती रोज वीस किलोमीटर जाते. तिला हौस म्हणायचं का? महाराष्ट्रात कार्ब्युरेटरच्या दुचाकी किती घरांत आहेत हे त्या वाचकाने आपल्याच गल्लीत मोजून बघावं.

इथेनॉलला माझा विरोध नाही. भावाचा ऊस साखर कारखान्यालाच जातो आणि इथेनॉलमुळे कारखान्याच्या हातात पैसा येतो, हे मला घरातच कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे की पंपावर नोझलपाशी टक्केवारी मोठ्या मराठी अक्षरांत लिहा. प्रत्येक तालुक्याच्या गावी निदान एका पंपावर कमी इथेनॉलचं पेट्रोल ठेवा, भाव जास्त लावा. आणि ज्या कंपन्यांनी कार्ब्युरेटरच्या गाड्या विकल्या त्यांनी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, वॉशर आणि फ्लोटच्या सुया यांचा जोड गावच्या मिस्त्रीपर्यंत पोचवावा, खऱ्या शिक्क्याचा. मिस्त्रीला बसवायला अर्धा तास पुरेल.

आपल्या बातमीदारांनी या तीन गोष्टींबद्दल तेल कंपन्यांना आणि वाहन कंपन्यांना विचारावं आणि त्यांची उत्तरं आपण छापावीत, ही विनंती. चिरलेल्या नळीचे फोटो माझ्याकडे आहेत. हवे असतील तर पाठवते.

आपली वाचक,
अ‍ॅबिंग्डन, ऑक्सफर्डशर (मूळ गाव कोल्हापूर)
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)